भरवणाऱ्या हातांची परीक्षा

चिंचवड, ३ फेब्रुवारी १९५७

चि. शालन हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र पोचले. शिष्यवृत्ती मिळवून तू बालशिक्षण शिकायला लीड्सला गेलीस आणि तिथल्या शिशुशाळेत एका मुलाला घास भरवलास म्हणून पाठात नापास झालीस, हे वाचून तुझ्या बाईंच्या विद्वत्तेला मी लांबूनच हात जोडले. मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर पट्टीने बोटे सुजवीत. पण तीन वर्षांच्या पोराला स्वतःच्या पोटाची जबाबदारी त्यांनीही कधी दिली नाही.

इकडे पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीतला बालवर्ग मी तुझी जागा म्हणून धरून ठेवला आहे. निवृत्त बाईला यापरती विश्रांती कुठली? शाळेच्या कमिटीचे दौलतराव म्हणतात, जूनपर्यंत तू प्रमाणपत्र घेऊन आली नाहीस तर जागा त्यांच्या मेहुणीला. तिची पात्रता म्हणजे ती त्यांची मेहुणी आहे. तेव्हा त्या बाईंची माफी माग, नाहीतर त्यांनाच भरव.

लोभ आहे; गृहीत धरू नये.

तुझी सुमनआत्या

लीड्स, १७ फेब्रुवारी १९५७

ती. सुमनआत्यास शालनचा सा. न. वि. वि. तुझे पत्र वाचताना मी इतकी हसले की मैत्रिणीने विचारले, घरून विनोदी मासिक आले का. मी हो म्हटले.

मे महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. पण आत्या, बाई म्हणाल्या की माझ्या हाताला माया आहे तशी घाईही आहे. फार राग आला. मग लक्ष ठेवले, तर पोराने तोंड उघडायच्या आधीच माझा घास तयार. त्याला भूक आहे का, हे मी कधी पाहिलेच नव्हते. कळते, पण हात राहत नाही. काल पुन्हा भरवले. मेमध्येही असेच झाले तर मेहुणीबाईंची चंगळ. तू एकदा डब्याच्या वेळी हात मांडीवर ठेवून बस आणि जमते का ते कळव.

रागासकट लोभ असू दे.

तुझी शालन

चिंचवड, ३ मार्च १९५७

चि. शालन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे विलायती व्रत केले. हात मांडीखाली दाबून बसले. पोरे माझ्याकडे बघत राहिली. मग दोघे रडले, एकाने कालवण चटईला जेवू घातले. माझ्या मते शिक्षण उत्तम चालले होते.

कादर मेकॅनिकची मुलगी शहाजादी माझ्या हातून चार घास खाऊन रोज तोंड मिटते. त्या दिवशी ती बराच वेळ डब्याकडे बघत बसली. मग भाकरी मोडली, आणि सावकाश सगळी संपवली. एवढे झाल्यावर शेजारच्या पोराच्या डब्यातला तुकडा घेऊन माझ्यापुढे आली आणि विचारले, बाईंना भरवायला कोणी न्हाई का.

मी तो तुकडा खाल्ला. तुझ्या बाईंनी तिला नापास केले असते.

दौलतरावांना सांगितले आहे, मेहुणीला धीर धरायला सांगा. तू पास होऊनच ये, आणि लवकर ये. एक दिवस जमले. आज मी पुन्हा सगळ्यांना भरवले.

या हट्टी म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी सुमनआत्या