दांड्याला पाइप लावणाऱ्यास मशीन नाही

मी, जयराम धाऊ वेखंडे, वय बावन्न, धंदा पंपदुरुस्ती व होडी चालवणे, राहणार शेणवा, तालुका शहापूर, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलते ते भीतीने.

उद्या कल्याणला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, लहान आहे. लहान नट निसटूनच मोठे मशीन बसते, हे त्यांना कोणी सांगावे?

१. घर व मागचे भाताचे शेत पत्नी रखमी हिला, तिच्यानंतर मुलगी वैष्णवी हिला. पडवी गळते तेथे कौल बदलावे, खालून डांबर फासू नये. रखमी मागून वाचून म्हणते, "अवो, हर्नियानं कोन मरतो? आधी जेवा." तरी कलम कायम.

२. पाने, पक्कड व ग्रीसचा डबा वैष्णवीला. घेतलेली वस्तू जागेवर ठेवणारी घरात ती एकटीच. मुरबाडच्या ज्या गॅरेजवाल्याने मला "पुस्तक न वाचलेला मेकॅनिक" म्हटले, त्याला एकही पाना उसना देऊ नये. पुस्तक मी वाचले आहे, चित्रांसकट.

३. होडीचे मशीन. हे मी वसईच्या कोळ्याकडून जुने आणले. खाऱ्या पाण्याने आतला गिअरचा दांडा गंजून पुढच्या गिअरमध्येच अडकला आहे. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. दोरी ओढताच होडी उडी घेते. अशाच उडीत धरणाच्या पलीकडच्या वाडीची तानी पाटीसकट काठाच्या दगडांवर पडली. गुडघ्यावर निभावले.

मी तेल सोडून, गरम पाणी ओतून दांडा भिजत ठेवला. माझा धाकटा भाऊ लडकू याने मी नसताना त्याला लोखंडी पाइप लावून जोर केला आणि गिअर बदलायचा बाहेरचा हात वाकवला. वर मलाच म्हणाला, "दादा, तुजं मशीन नाजूक हाय, नवरीवानी." सबब, मशीन लडकूस मिळू नये. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये म्हणतात, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे.

पण मग होडी कोण चालवणार? धरणाच्या पाण्यापलीकडच्या माणसांना शहापूरच्या बाजाराला आणि दवाखान्याला डोंगराला वळसा घालून चालावे लागेल. येथे माझे पेन थांबले आहे.

४. वरील लिहीत असता लडकू सहीसाठी आला आणि पडवीत काढून ठेवलेल्या मशीनपाशी बसला. मी पाइपचा आवाज येतो का म्हणून कान लावून होतो. आला नाही. डोकावलो, तर एका हाताने मशीनचा पाणी कापणारा पंखा सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने गिअर केसाएवढा पुढे-मागे करत होता. मी हेच त्याला शंभरदा सांगितले होते.

"दादा, दांडा जरासा हलतोय. जोर लावू?"

"नको."

"मंग बसतो. तू लिव तुजं."

रखमी म्हणाली, "भाऊजी, भात निवला."

"निवू दे गो वैनी. ह्यो दांडा निवला तर परत धरंल." म्हणून तिनेच आणखी एक किटली गरम पाणी आणून ओतले.

जेवणे झाली नव्हती तोच खट् वाजले. न्यूट्रल. मग रिव्हर्स.  लडकू गिअर परत न्यूट्रलला आणून पुन्हा तेल सोडत बसला.

सबब, कलम ३ मधील "मशीन लडकूस मिळू नये" ही ओळ खोडली आहे, बाजूला माझी सही आहे. मशीन व होडी लडकूस. अट एकच: काठाला बांधून पाण्यात रिव्हर्स तपासल्याशिवाय एकही माणूस चढवू नये. मी परत आलो तरी आणि न आलो तरी.

लडकू पेन घेऊन उभा आहे. "आता सही करू?" त्याला म्हटले, "केलीस तर मशीन जाईल." पेन खिशात गेले.

ठिकाण: शेणवा
तारीख: १२ फेब्रुवारी २००४
सही: जयराम धाऊ वेखंडे

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. विठू गोमा फर्डे (सही)
२. गोदू चांगो निमसे (अंगठा)

लडकूची सही नाही. ती मीच करू दिली नाही.