इर्शाद टूर्स आणि सातशेचा आकडा

४ जानेवारी, रविवार

काल मस्कतहून आलो. सहा आठवड्यांची रजा. १४ फेब्रुवारीचं परतीचं तिकीट आहे, पण ते कंपनीच्या समाधानासाठी. मी परत जाणार नाही. दोन वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या, आता स्वतःची चालवणार. लोणावळ्यात धोंडिबाभाऊंची इको व्हॅन विकायला आहे. भाड्याची पिवळी पाटी, तीन लाख साठ हजार. स्टेशन, भुशी डॅम, टायगर पॉइंट, कार्ला, परत स्टेशन. सीझनला दिवसाला चार फेऱ्या. हिशोब केला. तीन वर्षांत तीन गाड्या होतात.

नोकरी सोडायची तर कंपनीला ५ फेब्रुवारीच्या आत कळवायचं. महिना आहे. लोन काढायला महिना म्हणजे लय झाला.

अम्मीला सांगितलं, आता हितंच. संध्याकाळपर्यंत तीन वेळा विचारून गेली, नक्की ना रे?

५ जानेवारी, सोमवार

वडगावच्या बँकेत गेलो. लोनचे राजेंद्र साहेब सज्जन माणूस. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत कॉम्प्युटरकडे. म्हणाले, सिबिल स्कोअर ५६१ आहे, सातशेच्या आसपास लागतं. मी मनात हिशोब केला. नऊशेपैकी ५६१ म्हणजे बासष्ट टक्के. मला नववीत पण एवढे नव्हते.

त्यांनी कागद छापून दिला. माझ्या नावावर चार लोनं थकली आहेत.

रखमाजी आबांचा त्रेचाळीस इंची टीव्ही: १४,२००.
भामाबाई मावशीचा फ्रिज: ११,६००.
निजामचा मोबाईल: १८,९००.
माझा मोबाईल: १६,३००. हा मोबाईल पवना धरणात आहे. हप्ता वर राहिला.

एकूण एकसष्ट हजार.

साहेबांनी विचारलं, टीव्ही तुमचा नाही तर नाव तुमचं कसं? शहरातल्या माणसाला हे कळत नाही. मी एमआयडीसीत होतो तेव्हा आमच्या नवलाख उंबरे गावच्या आळीत पगाराची स्लिप एकट्या माझ्याकडं होती. ज्याला हप्त्यावर काही घ्यायचं तो मला शोरूमला घेऊन जायचा. सही माझी, वस्तू त्याची, हप्ता त्यानं माझ्या खात्यात टाकायचा. शोरूमवाला मला बघितलं की खुर्ची पुसायचा. पुढं मी मस्कतला गेलो आणि खात्यात टाकायचं लोकांच्या ध्यानातून गेलं. माणसं कामात असतात.

साहेब म्हणाले, चारी लोनं पूर्ण भरा, काही बाकी नाही अशा चार एनओसी आणा, मग गाडी तारण ठेवून मी तुमची केस वर पाठवतो. शब्द दिला.

घरी शहिस्ता म्हणाली, भाई, सत्तर हजार आणलेस ना? उद्या सकाळी भरून टाक, विषय संपला. ती धाकटी आहे, वडगावला तहसीलजवळ ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते, त्यामुळं तिला वाटतं सगळं बटण दाबून होतं. मी का भरू? टीव्ही कोण बघतं? तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याचं त्यानं भरायचं. सत्तर हजार धंद्याला.

७ जानेवारी, बुधवार

लोणावळ्याला जाऊन धोंडिबाभाऊंना पंचवीस हजार विसार दिला. गाडी ५ फेब्रुवारीपर्यंत माझ्यासाठी थांबणार. भाऊंनी कागदावर लिहूनही दिलं.

सीट कव्हर घेतली, ४,२००. चॉकलेटी, लाल दोऱ्याची. व्हिजिटिंग कार्डं छापली, ५००. इर्शाद टूर्स. अम्मीनं एक कार्ड कपाटाच्या काचेत लावलं. शहिस्तानं विचारलं, सीट कव्हर घरातल्या खुर्चीला घालू का तोवर?

९ जानेवारी, शुक्रवार

बँकेवरच अवलंबून राहणं बरं नाही. नमाजला जायच्या आधी मोबाईलवर नऊ ॲपवर लोनचा अर्ज केला. कोण किती देतं ते तर कळेल. नऊ पैकी नऊ जणांनी ‘सॉरी’ म्हटलं. एकानं तर माझं नाव टाइप करून व्हायच्या आत.

शहिस्ता कपाळाला हात लावून बसली. म्हणे प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि एका दिवसात नऊ दारं वाजवणारा माणूस त्यांना भुकेला वाटतो. स्कोअर आता ५३४.

मला यात काही वाईट दिसत नाही. गाडा सोडायच्या आधी बैल मागं रेटतातच.

१४ जानेवारी, बुधवार

आज वसुली. मुद्दाम संक्रांत निवडली. सणाला सगळे घरी सापडतात. हे डोकं शहिस्ताला नाही.

आधी रखमाजी आबा. मी ओट्यावर चढलो तसा त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला. आता तिळगूळ खाऊन लगेच पैशाचं कसं बोलायचं? बरं दिसत नाही. तरी मी विषयाच्या जवळ गेलो. म्हणालो, आबा, टीव्ही कसा काय चालतोय? आबा म्हणाले, लय झ्याक, बस की, बैलगाड्याची शर्यत लागलीया, बैलाच्या नाकातली वेसण पण दिसती तुझ्या टीव्हीवर. तुझ्या टीव्हीवर म्हणाले. म्हणजे कोणाचा आहे याची जाण आहे माणसाला. तीन तास बसलो. पिक्चर खरंच भारी आहे.

मग भामाबाई मावशी. एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटावर टपरी आहे तिची. तिनं पण तिळगूळ दिला. तिला मात्र मी स्पष्टच बोललो, मावशी, फ्रिजचं काय? मावशी म्हणाली, अरं बाबा, बरं झालं आलास, दार नीट बसंना, कंपनीला फोन लाव, तुज्याच नावावर हाय न्हवं. लावला फोन. उद्या माणूस येतोय. चारशे रुपये व्हिजिट चार्ज मीच दिला, कारण बिल माझ्या नावावर निघतं.

जमा: शून्य. तिळगूळ: अकरा. पण संबंध घट्ट झाले.

१८ जानेवारी, रविवार

देहूरोडला निजामकडं. शाळेपासूनचा मित्र, आता डेपोजवळ वेल्डिंग करतो. मोबाईलच्या हप्त्याचं काढलं तर लाजला बिचारा. म्हणाला, पुढच्या आठवड्यात देतो, अल्लाकसम. मग बिर्याणी मागवली. पैसे मी दिले, तो लाजलेला होता.

इकोची सगळी योजना सांगितली. त्यानं ॲव्हरेज विचारलं, परमिट विचारलं, पार्किंगवाल्याला किती द्यावे लागतात ते विचारलं. फेऱ्यांचा हिशोब तर मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. घरचे लोक एवढं ऐकून घेत नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार

फायनान्सचा वसुलीवाला घरी आला. धम्मदीप नाव, उंच, शांत. मी मागच्या दारानं निघालो होतो, पण तो अम्मीच्या हातचा चहा घेत बसला आणि माझी चप्पल पुढच्या दारात होती.

टीव्ही आणि फ्रिजचे मिळून २५,८००. तो म्हणाला, दादा, पूर्ण भरा, क्लोज करून घ्या. थोडं कमी भरून सेटलमेंट पण होते, पण ती नका करू, रेकॉर्डला खराब दिसते. मी मनात हसलो. मला धंदा शिकवतो. मी आठ हजारांवरून सुरू केलं. तो नको नको म्हणत राहिला, त्याच्या साहेबाला फोन लावत राहिला. दीड तास घासाघीस. शेवटी अठरा हजार! सात हजार आठशे वाचवले. मस्कतच्या बाजारात शिकलेलं वाया गेलं नाही.

आबांचं आणि मावशीचं मी भरलं हे खरं. पण अठराच भरलं. तत्त्व अर्धं तरी शाबूत आहे.

जाताना धम्मदीप अम्मीच्या पाया पडला आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. हरलेला माणूस.

२६ जानेवारी, सोमवार

सेटलमेंटची पत्रं घेऊन बँकेत गेलो. बंद. वडगावभर झेंडे, पोरं कवायत करतायत. बँकेनं आधी सांगायला काय होतं?

२७ जानेवारी, मंगळवार

राजेंद्र साहेबांनी पत्रं वाचली. चष्मा काढला. म्हणाले, इर्शाद, मी पूर्ण भरा म्हणालो होतो. सेटल म्हणजे याला घेतलेलं पूर्ण फेडता आलं नाही, आम्ही उरलेलं सोडून दिलं, असं तुमच्या नावापुढं लागतं. वर्षानुवर्षं दिसतं ते. मी विचारलं, मग आता वरचे सात हजार आठशे देऊ का? ते म्हणाले, द्या, पण महिने जातील सुधारायला, आणि ही केस मी आता वर पाठवू शकत नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

साहेब घाबरट आहेत. सरकारी माणूस.

२ फेब्रुवारी, सोमवार

स्कोअर ५१९. शहिस्तानं मोठ्यानं वाचला. तिनं वहीत स्वतःचा पण लिहून ठेवलाय, ७७२. एक शिलाई मशीन घेतली होती हप्त्यावर, ती वेळेत फेडली म्हणून. एका मशीनवर माणूस एवढी मिजास करतो.

धोंडिबाभाऊंना फोन केला, पंधरा दिवस वाढवा. ते म्हणाले, बाळा, मला पोरीच्या फीचं बघायचंय, पाच तारखेनंतर कुणी आला तर मी देणार. मी म्हणालो, द्या बिनधास्त. एवढ्यात कोण येतंय!

४ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी जेवल्यावर अम्मीनं हातातल्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या काढून माझ्या ताटाजवळ ठेवल्या. म्हणाली, ह्या मोड, पण जाऊ नको. तिच्या मनगटावर गोल पांढरा पट्टा पडलाय. मी ते मनगट बांगड्यांशिवाय कधी बघितलंच नव्हतं.

शहिस्ता म्हणाली, नको.

मी पण नकोच म्हणणार होतो. पण शहिस्ता आधी बोलली हे मान्य करायला पाहिजे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला राजीनाम्याचा मेसेज टाइप केला. पाठवला नाही. रेंज नव्हती.

सायंकाळी ६. रेंज आली. पाठवला नाही. मोबाईल चार्जिंगला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

इको गेली.

निजामनं घेतली.

त्याचा स्वतःच फोन आला, पेढे कुठल्या दुकानातले आणू म्हणून. त्याला लोन मिळालं कसं? सिबिल ७५८. चार वर्षं पतसोसायटीचं सोनंतारण लोन तारखेच्या आधी फेडतो म्हणे. स्वतःच्या नावाचं तारखेच्या आधी आणि माझ्या नावाचं सवडीनं. बँकेच्या कागदात त्याचा मोबाईल कुठंच नाही. तो माझ्या कागदात आहे.

आणि धोंडिबाभाऊंनी माझा पंचवीस हजाराचा विसार त्याच्या किमतीतून वजा केला. दोघं मित्र, आपसात बघा म्हणाले. निजाम म्हणाला, सीझन झाला की देतो, अल्लाकसम.

मी रागावलो नाही. योजना माझीच होती, म्हणजे चांगली होती हे सिद्ध झालं. मी दिलेली सीट कव्हर पण गाडीला अगदी मापात बसली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शहिस्ता सकाळच्या लोकलनं देहूरोडला गेली. निजामच्या दुकानासमोर उभी राहिली, गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, निजामभाई, भाईच्या विसारातले १८,९०० आत्ता मोबाईलच्या लोनला भर, बाकीचे माझ्या हातावर ठेव, नाहीतर मी हितंच बसते डबा घेऊन. दहा मिनिटांत झालं म्हणे. मी पाया तयार करून ठेवला होता, तिनं फक्त वीट ठेवली.

धरणातला मोबाईल पण तिनं भरून टाकला, माझ्याकडून पैसे काढून. पूर्ण. दोन एनओसी कपाटात ठेवल्या आणि किल्ली स्वतःकडं. म्हणाली, आता तिकडून दरमहा पाठव, आधी सात हजार आठशे भरू, कुठं सही करू नको, दीड-दोन वर्षांनी परत बघू. अम्मीनं विचारलं, दोन वर्षं? शहिस्ता म्हणाली, दीड. अम्मी म्हणाली, व्हय, दीड, आणि चुलीकडं वळली.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २, मुंबई विमानतळ.

निजामनं इकोतून सोडलं. भाडं घेतलं नाही. टोल मी दिला.

निघताना अम्मी बाहेर आली नाही. आतून म्हणाली, पोळ्या लाटतेय, जा तू. पीठ कालच संपलं होतं, मी दळण आणायचं विसरलो होतो. दारात थोडा वेळ उभा राहिलो, बुटाची नाडी बांधत. बुटाला नाडी नाही.

हितं आत एक टायवाला क्रेडिट कार्ड विकत उभा आहे. कुणाला सोडत नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला आडवा गेला, एका हाजीसाहेबांच्या मागं पार संडासापर्यंत गेला. मी मनाशी पक्कं केलं. सही नाही, ओटीपी नाही. कितीही मागं लागला तरी सरळ तोंडावर नाही म्हणायचं. दोनदा पुटपुटून पण बघितलं. बदललेला माणूस कसा असतो ते त्याला कळू दे.

आलाच. सर, लाइफटाइम फ्री. मी म्हटलं, ऐकून घ्यायला काय जातं. फॉर्म हातात घेतला, पॅन नंबर सांगितला, तो काही ओटीपी नाही. त्यानं टॅबवर टाकला. टॅबकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हळूच माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला. फॉर्मबरोबरचं पेन पण. म्हणाला, हॅपी जर्नी सर, आणि खांबाला टेकून झोपलेल्या एका माणसाला उठवायला गेला.

मी नाहीच म्हणणार होतो. त्यानं निदान विचारायचं तरी.