सोळा चकत्या, सोळा आवाज

प्रिय धाकटे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. भिंगरीला पुन्हा पहिलीतच बसवायचं म्हणून शाळेने तुझी सही मागितली आहे ना, ती करू नकोस. आधी हेच लिहून टाकते, कारण तुला मी ओळखून आहे. तू पत्र अर्धं वाचून शिवायला बसशील आणि उरलेलं उद्यावर ढकलशील. तेव्हा पुन्हा सांगते, सही करायची नाही. शाळेतल्या बाई मागे लागल्या तर खुशाल माझं नाव पुढे कर, ताईने बजावलंय म्हणून सांग. तसंही लहानपणापासून तू सगळं माझ्यावरच ढकलत आलीस, त्यात एकाची भर.

बाईंचं म्हणणं तू जसंच्या तसं कळवलंस ते बरं केलंस. पोरगी हुशार आहे पण लक्ष देत नाही, तीनदा हाक मारावी तेव्हा वळते, ऐकून न ऐकल्यासारखं करते. तूही वैतागलीस, आणि परवा पाठीत धपाटा घातलास, तोही तू लपवला नाहीस. पुढे लिहिलंयस, कान तर ठणठणीत आहेत, खुद्द ताईच्या यंत्राने सांगितलंय, म्हणजे हा कार्टीचा निव्वळ हट्ट. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. डब्यातलं जेवण तसंच परत नेलं त्या दिवशी.

तुला तो दिवस आठवत असेलच. सात महिने झाले. कान तपासणीच्या खोलीत भिंगरीला मोठ्या खुर्चीत बसवलं होतं, डोक्यावर टोपी, टोपीत सोळा धातूच्या चकत्या, आणि कानात वीस आवाज एकामागून एक वाजणार होते. आवाज कानात गेला की मेंदू जे बारीकसं उत्तर देतो ते या चकत्या टिपतात. पण तुझी लेक ती, बसते कसली! पंधराव्या आवाजाला टोपी काढून फेकली, दोन वेळा. तिसऱ्यांदा तपासणी करणाऱ्या कानाच्या बाई अगदी रडकुंडीला आल्या. तेव्हा मीच शहाणपणा केला, मावशीची माया उतू गेली. लहान मुलांना वीस कशाला, सोळा पुरेत, यंत्राचा प्रोग्राम माझाच लिहिलेला, मी आत्ता बदलून देते म्हटलं. पाच मिनिटांचं काम. चौथ्या खेपेला ती बसली, आणि तेव्हापासून तिथे सगळ्याच लहान मुलांना सोळा आवाज ऐकवतात. मी हे कार्यालयात चारचौघांत मिरवलंही होतं.

आता जरा माझ्या कामाचं ऐक, कंटाळू नकोस. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हा आधी स्टेशन न लावता नुसता चालू करून ठेवायचे, त्याची स्वतःची खरखर किती ते ऐकायचे. मीही तेच करते. काहीच वाजत नसताना प्रत्येक चकतीचा स्वतःचा एक आकडा असतो, कुणाचा जास्त, कुणाचा कमी. सोळा चकत्यांचे सोळा आकडे. ते मोजणीतून वजा केले की उरतं ते मेंदूचं खरं उत्तर. मोजणी म्हणजे आकड्यांचा एक ठोकळाच असतो. त्याच्या एका बाजूला आवाज, दुसऱ्या बाजूला चकत्या, तिसऱ्या बाजूला वेळ. वजाबाकी चकत्यांच्या बाजूनेच व्हायला हवी. पण कुठली बाजू हे दर वेळी सांगत बसायचा मला आळस. म्हणून कामाला लागले त्या वर्षी मी प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली होती. आकडे सोळा आहेत ना, मग ठोकळ्याची जी बाजू सोळाची सापडेल तिथून वजा कर. कुणाला काही विचारायचं नाही. सगळे वाहवा म्हणाले होते.

तुझ्या भाषेत सांगायचं तर असं समज. तुझ्याकडे वीस गिऱ्हाइकांचे सदरे आहेत, प्रत्येकाची सोळा मापं, आणि कुठल्या मापातून किती वजा करायचं याची सोळा आकड्यांची यादी. ही यादी कुणी चुकून मापांऐवजी गिऱ्हाइकांना लावली, तर चार गिऱ्हाइकं उरतील आणि तू लगेच ओरडशील. पण गिऱ्हाइकंही सोळाच असली तर? यादी बरोब्बर पुरते, कुणाला शंकाही येत नाही, आणि सदरे मात्र कुणाच्याच अंगाला बसत नाहीत. वीस आवाज होते तोवर माझी ओळ चुकूच शकत नव्हती. मी त्यांचे सोळा केले, आणि तिला आवाजांची बाजू आधी सापडली. चकत्यांची खरखर तशीच राहिली आणि यंत्र तिलाच मेंदूचं उत्तर समजून बसलं.

हे मला कळलं तेही कानाच्या बाईंमुळे. मागच्या आठवड्यात त्या सहज म्हणाल्या की सात महिन्यांत एकाही लहान मुलाचा अहवाल वाईट आला नाही, तुमचं यंत्र भारीच पायगुणाचं. त्या हसत होत्या आणि मी मनात मुलं मोजत होते. इतकी मुलं आणि सगळ्यांचे कान धडधाकट? दोन दिवस मी खुर्ची सोडली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांचं म्हणणं, पुढच्या खेपेला गुपचूप सुधारून टाकू, उगाच बभ्रा कशाला, तुमच्याच अंगाशी येईल. मी म्हटलं, येऊ दे. एक्केचाळीस मुलं आहेत. तपासणी केंद्राला माझ्या सहीचं पत्र मी त्याच दुपारी हातोहात नेऊन दिलं, साहेबांना प्रत दिली. ते माझ्याशी बोलत नाहीत सध्या. न बोलू देत. ती ओळ मी काढून टाकून नवी लिहिली आहे. आता बाजू सांगितल्याशिवाय यंत्र वजाबाकी करायला तयारच होत नाही, अडून बसतं. उद्यापासून मी आणि कानाच्या बाई एकेका घरी फोन करणार आहोत, एकूण एक घरी. शिव्या पडतील, त्या खाईन.

तुला फोन केला नाही, कारण फोनवर तू माझा आवाज ऐकून जाऊ दे गं ताई म्हणाली असतीस आणि मी ते ऐकून घेतलं असतं. भिंगरीची मोजणी जपून ठेवलेली होती. काल सकाळी ती नव्या ओळीतून पुन्हा काढली, तीनदा काढली. उजव्या कानात बारीक आवाजांना उत्तरच नाही. डाव्या कानालाही निम्म्यांना नाही. ती हट्टी नाही गं. तिला आपण ऐकूच येत नव्हतो आणि मी तुला लिहून कळवलं होतं की येतं. गुरुवारी दहा वाजता तिला घेऊन ये, वेळ घेऊन ठेवली आहे, वीसच्या वीस आवाज ऐकवू, टोपी मी धरून बसेन. अहवाल हातात आला की शाळेत तुझ्याबरोबर मी येणार, बाईंशी मीच बोलणार. माझ्यावर किती रागवायचं ते गुरुवारनंतर ठरव, हवं तेवढं रागव. तोवर एवढंच कर. तिला पाठीमागून हाक मारू नकोस. तिच्यासमोर, उजेडात बस, तिला तुझे ओठ दिसू देत, आणि मग बोल.

तुझीच, चुकली तरी तुझीच,
ताई