नदीतून आलेली ओटी

शनिवार, ९ जुलै १९४९. खालापूर.

समुद्र राहिला बाजूला, तूर्त छपरावरचा पाऊस ऐकतो आहे. पण मजा आहे! निघताना आईनं तोंड वाकडं केलंच होतं. लग्न होऊन दोन महिने झालेत, नवी नवरी आषाढात माहेरी आखाड पाळायला जाते, तिला घेऊन कुठं उंडारता? मी म्हटलं, आई, सोलापूरच्या मुलीनं आषाढातच समुद्र पाहावा, म्हणजे पाण्याची हौस एकदाची फिटेल. विमल पदरात तोंड लपवून हसली. भूगोल शिकवणाऱ्या मास्तराच्या बायकोनं समुद्र पाहिलेला नसावा, ही काय गोष्ट झाली? म्हणून मामांची जुनी ऑस्टिन मागून घेतली आणि अलिबागेला निघालो.

घाटात काचेवरची दांडी बंद पडली. विमल खिडकीतून हात काढून काच पुसत होती आणि मी तिला 'डावीकडे गं, डावीकडे!' असं ओरडत होतो. खोपोलीला आलो तेव्हा दोघेही ओलेचिंब. खालापूरच्या पुढं फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाताळगंगेचं पाणी चाललंय, गाडी जाणं शक्य नाही. मुक्काम डाक बंगल्यात. इथली राखण बुधाजी करतो, रांधते त्याची बायको सोनाबाई. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असं होतं की विमलनं बोटं चाटली.

दुपारी उघडीप मिळाली म्हणून नदीवर गेलो. हिरव्या खणात बांधलेला एक नारळ गरगर फिरत काठाशी आला. मी छत्रीच्या मुठीनं ओढला आणि विमलच्या पदरात टाकला. म्हटलं, घ्या बाईसाहेब, नवऱ्यानं ओटी भरली! ती म्हणाली, पुरुष कधी ओटी भरतात का, वेडे कुठले. खणात तांदूळ, हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या होत्या. तिनं लगेच घातल्या. तिच्या मापाच्याच निघाल्या. नारळ दगडावर फोडून तिथंच खाल्ला. गोड होता.

रविवार, १० जुलै.

पाणी उतरलेलं नाही. सकाळी एक वाईट प्रकार झाला. सोनाबाई चहा घेऊन आली, तिची नजर विमलच्या हातांवर गेली आणि कपबशी खाली पडून फुटली. ती पळालीच.

मग बुधाजी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून, खाली मान घालून त्यानं सांगितलं. त्यांची पारू, एकुलती एक लेक. चार वर्षांमागं आषाढातच सासरी जायला निघाली आणि ह्याच फरशीवरून वाहून गेली. देह मिळाला नाही. तेव्हापासून दरसाल त्या दिवशी सोनाबाई तिची ओटी भरून नदीत सोडते. माहेरची ओटी घेऊन पोरीनं पुढं जावं, दर्याला मिळावं, मधेच अडकू नये म्हणून. ती ओटी कुणी अडवत नाही. सारा गाव जाणतो. "तुमाला ठावं नव्हतं साहेब," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जणू समजूत तोच माझी काढत होता.

मी नव्या नारळाचे पैसे देऊ केले. त्यानं हातही पुढं केला नाही.

विमल घाबरली. बांगड्या काढायला बसली तर निघेनात. साबण लावला, तेल लावलं, मनगट सोलवटलं. फोडते म्हणाली. मीच नको म्हटलं. सवाष्णीनं बांगड्या फोडायच्या? अभद्र! आईचा आखाड मला पटला नाही, आणि हे मात्र पटलं.

कालपासून तिचे केस वाळलेले नाहीत.

सोमवार, ११ जुलै.

केस अजून ओले. शेगडीपाशी बसवलं, पंच्यानं पुसले, तरी टोकांतून पाणी गळतंच. बसते तिथं थारोळं होतं. पाण्याला गाळाचा वास येतो.

सकाळी मी विचारलं, बरं वाटतंय का? तर म्हणाली, "बरं हाय." मला वाटलं चेष्टा करते आहे. हसलो. ती हसली नाही. मग उठून सोनाबाईच्या चुलीपाशी गेली आणि फळीमागं हात घालून मिठाचं मडकं काढलं. त्या घरात तिनं आजपर्यंत पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं.

मधेच शुद्धीवर आल्यासारखी होते. माझा हात घट्ट धरून म्हणते, अहो, मला सोडू नका, मला खाली ओढल्यासारखं वाटतंय. मग हात ढिला पडतो.

बुधाजी डॉक्टर आणायला कर्जतला निघाला होता. रूळ पाण्याखाली. अर्ध्या वाटेतून परत आला.

सोनाबाईच्या अक्षरशः पाया पडलो. ती म्हणाली, उपाय एकच. ओटी अडली म्हणून पोर अडली. आता माहेरच्याच बाईनं फिरून ओटी भरायची, 'जा बाये पुढं' म्हणायचं आणि नदीत सोडायची. म्हणजे तुमची बाय तुमची तुमाला. ते हात तिच्या आईचेच हवेत, दुसऱ्या कुणाचे चालत नाहीत. उद्या भरते म्हणाली. देवासारखी भेटली बाई.

मंगळवार, १२ जुलै.

भरली नाही.

सुपात नारळ, तांदूळ, खण, सगळं घेऊन आली होती. पाटावर विमलला बसवलं. कुंकवाचं बोट पुढं केलं आणि विमलनं मान वर करून हाक मारली, "आये."

सोनाबाईच्या हातातलं सूप खाली गेलं. मग काय झालं ते मला लिहवत नाही— तिनं विमलला पोटाशी धरलं, रडली, तोंडावरून हात फिरवला, आणि हाताला धरून आपल्या घरात घेऊन गेली. मी मागून ओरडत होतो. दारात वळून म्हणाली, "आखाडात पोर सासरी धाडत नाय आमी."

मी म्हटलं, बाई, ती माझी बायको आहे! तिनं कडी लावली.

बुधाजीला म्हटलं, तू तरी सांग. तो त्या बंद दारापाशीच जाऊन बसला. त्यालाही लेक हवीच आहे. कुणाला नको असते?

बुधवार, १३ जुलै. सकाळ.

पाऊस थांबला. फरशी उघडी पडली. आता जाता येईल. कुणाला घेऊन?

आज दार उघडंच होतं. ओट्यावर सोनाबाई तिची वेणी घालत होती. केस कोरडे आहेत. आज पहिल्यांदाच कोरडे.

मी हाक मारली. विमल, चल, समुद्र बघायचाय ना? तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. परक्या माणसाकडं पाहतात तसं. मग आईला विचारलं, हे पाव्हणं कुठले गं? आणि आत जाऊन माझ्यासाठी गूळपाणी घेऊन आली.

हात धरून ओढलं तर किंचाळली. माणसं जमली. मला धरून बाजूला केलं, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. 'साहेब, आता ऱ्हाऊ द्या,' एवढंच म्हणत होते. ती कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना!

मग माझी विमल—

दुपार. फरशीवर, गाडीत.

पारू इथं राहिली. आईपाशी. तर मग तिच्या जागी पाण्यात कोण—

नाही. भलतंच. मी जागरणानं—

पुन्हा ऐकलं. "अहो." नाव घेत नाही ती माझं, कधीच घेतलं नाही. "अहो" म्हणूनच. फरशीखालून.

काठावर जाऊन पाहिलं. नुसतं लाल पाणी.

हाक आता पुढून येते. वाकणापलीकडून. पाणी तिला नेतंय. ही नदी धरमतरच्या खाडीला मिळते, मुलांना मीच शिकवतो, नकाशावर काठी ठेवून— आणि तिला पोहता येत नाही—

काठानं चालत येतोय गं. वही हातात आहे. थांब जरा—

रडत नाहीये. आता हसतेय. लग्नानंतर पहिल्यांदा हसली होती तशी. म्हणते, अहो, या ना लवकर, दिसला मला. केवढा आहे हो समुद्र, तुम्ही सांगितला होता त्याहून—

आलो. विमल, हात दे, मी