बहनजींच्या फोनवरून

५ जानेवारी

आज पुन्हा लिहिलं! आईच्या फोनवरून, आईच्या नावाने.

माझ्या वर्गातल्या विमलने शाळेच्या ग्रुपवर गॅदरिंगचा जुना फोटो टाकला – ती स्वतः गवळण झालेली, डोक्यावर मडकं – आणि खाली विचारलं, "बहनजी, ओळखलंत का?" आई माझ्या शेजारीच उन्हात बसून मटार सोलत होती. म्हणजे दाणे टोपलीत टाकत होती आणि सालं पातेल्यात. तिला फोटो दाखवला. म्हणाली, "कोणाची मुलगी आहे? थंडीची उघडी फिरतेय."

मी टाइप केलं – "विमल बेटा, तुझा नाच मी कशी विसरेन!"

विमल दुपारपासून रडतेय म्हणे. आनंदाने. तिचं रडू वाचलं आणि चहा तसाच ठेवला.

७ जानेवारी

झोप नाही, म्हणून इथे तरी नीट लिहून ठेवते.

कारखान्याच्या टाउनशिपमधली आमची शाळा हिंदी माध्यमाची. आई गणित शिकवायची; तिथे बाईंना बहनजी म्हणत. सगळ्यांची देवधर बहनजी – माझीसुद्धा, कारण मी तिच्याच वर्गात. शाळेच्या फाटकातून आत गेलं की आई संपली, बहनजी सुरू. एकदा चुकून "आई" म्हणाले तर मला बाकावर उभं केलं होतं तिने. वर्ग खो खो हसला.

दिवाळीत ग्रुप निघाला. बहनजींना घ्या, बहनजींना घ्या – घेतलं. तेव्हाच सांगायला हवं होतं की तिला आता मीसुद्धा ओळखू येत नाही. बाबा गेले तेही तिला ठाऊक नाही. पण सगळे इतके वाट बघत होते! मी तिच्यातर्फे "खुश रहो" लिहिलं. तिथून चटक लागली.

चटकच. दुसरा शब्द नाही. आई जन्मात कोणाशी गोड बोलली नाही, ते आता मी बोलते. सगळ्यांना वाटतंय, बहनजी म्हातारपणी विरघळल्या. आणि मी इकडे चोरासारखी फोन पदराखाली लपवते – कोणापासून, तर जिला कळतच नाही तिच्यापासून.

१० जानेवारी

विमलने आज आठवीचा ग्रुप फोटो टाकला. आई मधल्या खुर्चीत, ताठ. मी खाली सतरंजीवर, दोन वेण्या, डोळे मिटलेले. आणि मागच्या रांगेत दोन मुलांच्या मध्ये ही एवढी फट. "ये कौन गायब है?" सुरू झालं. ठाऊक सगळ्यांनाच होतं, आठवायला वेळ लागला इतकंच.

त्या वर्षी आमच्या वर्गाने खो-खोची शील्ड जिंकली. फोटोच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावरचा पळणाऱ्या माणसाचा छोटा पुतळा कोणीतरी मोडला. सकाळी आईने हेमंत पाध्येला वर्गाबाहेर बोलावलं. जरा वेळाने आत आली आणि म्हणाली, "पाध्ये फोटो में नहीं रहेगा." कारण नाही, काही नाही. सगळा वर्ग फोटोला आणि तो एकटा सायकल स्टँडपाशी उभा. मी डोळे मुद्दाम मिटले होते. वर्ग तिला अन्यायी म्हणाला. मी मनातून वर्गाच्या बाजूने.

११ जानेवारी

हेमंतने लिहिलं! नागपूरहून, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. "बहनजी, वो खाली जगह मेरी है. एक बात पूछूँ? शील्ड मैंने तोड़ी, ऐसा आपको सचमुच लगा था?"

आईला विचारलं – आई, पाध्ये आठवतो का गं? "पाध्ये? त्यांच्या घरी कोणी आजारी आहे का?" एवढंच.

दुपारभर फोन पालथा घालून ठेवला. तिन्हीसांजेला लिहिलं – "नहीं हेमंत बेटा. तू निर्दोष था. मुझसे अन्याय हुआ. मुझे माफ कर दे."

माफी! आईने बाबांचीसुद्धा कधी मागितली नाही. पाठवून टाकलं. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. तिची एक चूक मीच निस्तरली, असं.

१२ जानेवारी

ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पूर. "ऐसे गुरु अब कहाँ!" हेमंतने फक्त "जी" लिहिलं.

आणि मग कोणीतरी – "तो फिर तोड़ी किसने?" गंमत म्हणून. दुसरा म्हणाला, शील्ड कपाटात ठेवायला श्याम गेला होता. तिसरा – "अरे हाँ! कैंटीनवाले का लड़का!" झालं. संध्याकाळपर्यंत श्यामनेच मोडलेली. कारखान्यातल्या साहेबांच्या पोरांचं नाव एकालाही सुचलं नाही.

रात्री पाहिलं तर श्याम मालवीय ग्रुपमधून निघून गेलेला.

हे माझ्या बोटांनी झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. दार वाजलं, उघडते तर श्याम! अशोका गार्डन वस्तीत त्याचं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून आमच्या नेहरू नगरपर्यंत स्कूटरवर आला, हातात गजकचा डबा, तीळ-गुळाच्या वड्यांचा. आत यायला तयार नाही.

"बस एक बात पूछनी है बहनजी से. उन्होंने मेरा नाम तो नहीं लिया ना? मेरे लड़के ने भी पढ़ लिया वो सब."

मी म्हटलं, आई झोपलीय. तेवढ्यात आतून आईचा खणखणीत आवाज – "कोण आहे? दूधवाला का?" त्यानेही ऐकलं. डबा माझ्या हातात दिला. जाताना म्हणाला, "कह देना, मैंने तो कपड़े से पोंछकर रखी थी."

सांगायचं होतं – त्यांनी नाही रे, मी लिहिलं! त्याऐवजी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दार लावून घेतलं. तिळगूळ देणारी मी! थू.

१५ जानेवारी

श्यामने मोडली नाही, असं आईच्या नावाने लिहू? म्हणजे आणखी एक थाप.

१७ जानेवारी

हेमंत येतोय! इथे तुळसी नगरला त्याची बहीण असते, तिच्याकडे उतरणार. परवा बहनजींच्या पाया पडायला येतो म्हणाला. नाही म्हणायला निमित्त सुचेना.

आज दिवसभर आईची शाळा घेतली. "म्हण आई, पाध्ये." "पाध्ये." "म्हण, कसा आहेस?" तर माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणते, "तुम्ही कशा आहात?" पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा मी तिच्यावर ओरडले. ती घाबरून पदराचं टोक चघळायला लागली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला पोपटासारखं पढवतेय मी, माझी थाप टिकावी म्हणून. नंतर तिच्या केसांना तेल लावत बसले. मला फार रडू आलं.

१९ जानेवारी

आला. केस सगळे पांढरे, हातात संत्र्यांची पिशवी. वाकून पाया पडला.

आई म्हणाली, "मीटर बाहेर आहे."

मी घाईघाईने – आई, हेमंत आलाय, पाध्ये! "हो हो, बाहेर भिंतीवर." मी बडबडत सुटले. आज तब्येत जरा बरी नाही, सकाळी अगदी छान बोलत होती, थंडीने असं होतं... हेमंत खाली तिच्या पायांशी बसला. संत्रं सोललं, बिया काढून एकेक फोड तिच्या हातावर ठेवत राहिला. तिने सगळं खाल्लं. त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मी अजून बोलतच होते.

"वसुधा, राहू दे," तो म्हणाला.

उद्या गाडीला जाण्याआधी आमच्या फाटकापाशी येतो म्हणाला, आईसमोर नको. कळलंय त्याला. शिव्या दे बाबा! एकदाच्या दे.

२० जानेवारी

शिव्या नाही दिल्या. रिक्षा थांबवून ठेवली होती. खाली बघत बोलला.

"शील्ड मीच मोडली होती. त्या सकाळी बहनजींनी विचारलं, मी कबूल केलं. म्हणाल्या, वर्गात सांगणार नाही, तुझ्या घरीही नाही. फक्त फोटोत उभा राहू नकोस. त्यांनी मला कधी हेमंतसुद्धा म्हटलं नाही गं, कायम पाध्ये. विमलला लिहिलेलं ते 'बेटा' वाचून शंका आली, म्हणून मुद्दाम तोच प्रश्न विचारला. तुझं उत्तर आलं आणि कळलं, बहनजी आता त्या राहिल्या नाहीत. म्हणून आलो."

श्यामचं नाव निघालं तेव्हाही हा गप्पच बसला होता. ते त्याने आपणहून सांगितलं. आधी अशोका गार्डनला श्यामकडे जातो, मग ग्रुपवर लिहितो म्हणाला. मी म्हटलं, थांब, मीही येते, माझंही सांगायचंय. शेजारच्या सिंधूताईंना आईपाशी बसवलं आणि त्याच्या रिक्षात बसले.

रिक्षात मला एकच आठवत होतं. त्या फोटोनंतर मी आठवडाभर आईशी बोलले नव्हते. ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. ती वाढत होती. तरी मला सांगितलं नाही.