माझ्याशिवाय उभं राहिलं पाहिजे

३ नोव्हें., सोम.
पुण्याहून मॅडमचा कॉल. जानेवारीपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात बसायचं. वरच्यांची तक्रार एकच, की सगळी सिस्टिम नागपुरातल्या एका बाईच्या डोक्यात आहे. ती एक बाई म्हणजे मी. मग मॅडमच म्हणाल्या, "तुझ्याशिवाय चालतं हे दाखव, मग तू कुठेही बस. क्लाउडच्या रिकाम्या खात्यात सगळे सर्व्हर कोडमधून नव्याने उभे करायचे. पण कमांड इथून आपल्या टीममधला रोहन देणार, तू नाही. जमलं तर मी वर बोलते."
प्रशांतची नोकरी इथे नागपुरात, मिहानमध्ये, विमानांच्या दुरुस्तीची. ती सोडून त्याने पुण्यात काय करायचं? लग्नानंतरची चार वर्षं मी तिकडे, तो इकडे. पुन्हा ते नको, म्हणजे नकोच. जेवताना सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे मी पुन्हा शनिवार-रविवारचा नवरा काय वं?" हसला, पण अर्धी पोळी ताटात तशीच.

५ नोव्हें., बुध.
आमचे सर्व्हर म्हणायला आमचे, सगळे भाड्याचे. कोणत्या इमारतीत आहेत, देव जाणे. त्यांच्यावर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट आणि रिपोर्ट चालतात. किती मशीन हवीत, कोणासाठी कोणतं दार उघडं, हे फाइलीत लिहायचं, काळ्या खिडकीत कमांड द्यायची की तशी मशीन उभी राहतात. हे झालं अर्ध्या मशीनचं. बाकीची मी सुरुवातीला घाईत ब्राउझरवर बटणं दाबून उभी केली. आज त्यांची नावं वाचली: नवीन, नवीन२, खरंच-नवीन. काय बाई आहे मी!
रिपोर्टचं मशीन फाइलीत घेतलं. कमांड आधी आराखडा दाखवते, मग विचारते, करू का? आराखड्यात होतं: हे पाडणार, नवं बांधणार. चालू मशीन! "नाही" टाइप केलं अन् चहा टाकला.

११ नोव्हें., मंगळ.
सगळं फाइलीत आलं. आता आराखडा म्हणतो, काहीच बदलायचं नाही. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं. प्रशांतला सांगितलं, मी स्वतः तीनदा तपासलंय. त्याच्या शेडमध्ये ज्याने नट कसला त्याने सही करायची नसते, सही दुसऱ्याची. म्हणाला, "तूच कसते, तूच तपासते. तुले तं सगळं बराबरच दिसन ना!"
राग आला. बरोबर बोलला, म्हणून जास्तच आला.

१४ नोव्हें., शुक्र.
पहिली चाचणी. मी व्हिडिओवर, तोंड उघडायचं नाही ही अट. रोहनने कमांड दिली आणि लगेच लाल अक्षरं. "ताई, परवानगी नाही म्हणतंय." एक किल्ली फक्त माझ्याच लॅपटॉपवर. म्हणून माझ्याकडे इतकी वर्षं सगळं सुरळीत! मला वाटायचं माझा कोडच तसा भारी. मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, तेच लागलं.
संध्याकाळी किल्ली टीमच्या ऑनलाइन तिजोरीत हलवली.

२० नोव्हें., गुरु.
झालं! रोहनने कमांड दिली, "हो" टाइप केलं, आणि एकेक मशीन उभं राहिलं. शेवटी अपॉइंटमेंटचं पान उघडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. रोहनने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "सुंदर. आता हे कोणीही करू शकेल."
कोणीही. कॉल संपल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना. प्रशांतला सांगितलं तर पटकन बोलून गेला, "मग तुले काहून ठेवतीन?" लगेच म्हणाला, मस्करी केली गं बाई. मस्करी नव्हती ती.
एक गोष्ट अजून फक्त मला माहीत आहे. डेटाबेस बिघडला तर बॅकअप कोणत्या क्रमाने लावायचा. चाचणीत ती आलीच नाही. नाही लिहिली तर? कोणाला कळणार आहे...

२४ नोव्हें., सोम.
चार दिवस ती फाइल उघडते अन् बंद करते. स्वतःचीच चीड आली. धंतोलीतल्या दवाखान्यांत लोक गावाकडून पहाटेच्या बसने येऊन रिपोर्टसाठी बाकड्यावर बसलेले असतात. मी तापाने पडले तर त्यांनी बसूनच राहायचं का, माझी नोकरी वाचावी म्हणून?
लिहून टाकलं. क्रम, कमांडी, कुठे थांबायचं, कुठे घाई करायची नाही. रोहनला पाठवलं. आता माझ्याकडे राखून ठेवलेलं काही नाही. भीती वाटून राहिली, खोटं कशाला लिहू.

२८ नोव्हें., शुक्र.
सुट्टी. लकडगंजला मामेबहिणीचं साक्षगंध होतं. अंगठ्या घालून झाल्या, छान झालं, भरपूर जेवले. संध्याकाळी सहज लॅपटॉप उघडला तर दुपारी डेटाबेस खरंच पडला होता. रोहनने मी लिहिलेल्या क्रमाने बॅकअप लावला, सगळं पुन्हा चालू. नोंदी ओळ अन् ओळ वाचल्या. कुठेही चुकला नाही. एका ठिकाणी मी लिहिलं त्याहून जास्त थांबला, आणि तेच बरोबर होतं.
फोन पाहिला. चार्ज होता, रेंज होती. एकही कॉल नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, तुम्ही सुट्टीवर होतात, कशाला त्रास द्यायचा?" गुणी पोरगा. त्याचं मनापासून कौतुक केलं.
मॅडमचा मेसेज आहे: सोमवारी अकराला बोलू, रोहनलाही घेते. बाकी काही नाही.
प्रशांत ड्यूटीवरून आला तेव्हा मी ओट्याशी उभी. तोंड पुसायलाही वेळ मिळाला नाही.
"काय झालं वं? बंद पडलं का काही?"
"नाही. सगळं चालू आहे."
"मग रडून काहून राहिली?"
"म्हणूनच."