धुळ्याचा म्हणून सांगितलेला कोट

आबा, तुम्हाला जाऊन आता एकवीस वर्षं होतील. लढाईमुळे कापड रेशनवर आहे, बाजारातले शिंपी मशीन झाकून बसलेत, आणि मी मात्र गेलं वर्षभर, कचेरीतून आल्यावर, तुमच्याच कामाच्या क्रियापदावर लेख लिहीत होतो. शिवणे. संस्कृतात सीव्यति, हे कुणीही पंडित सांगेल. पण गॉथिकात सिउयन, जुन्या इंग्रजीत सिवियन, जुन्या जर्मनात सिउवन, हे मी एकट्यानं, शिकवायला कुणी नसताना, तीन ग्रंथ ताडून नक्की केलं. मूळ एकच. पुढे जर्मनांनी ते टाकलं आणि शिवण्याला दुसराच शब्द धरला.

रनाळ्याच्या बाजारात तुम्ही ओट्यावर मशीन मांडायचात. लांबच्या पाड्यावरून पायी आलेल्या माणसाचा सदरा तो परत निघायच्या आत हातात द्यायचात. त्याला पुन्हा तेवढं चालायला लावायचं नाही, हा तुमचा नेम. माझा नोकरीचा कोट मात्र नऊ दिवस शिवलात. काजं हातानं केलीत. तो घालून गेलो त्या पहिल्याच दुपारी हेडक्लार्क म्हणाले, "वा, नवरदेव! कुणी शिवला हो?" मी म्हणालो, "धुळ्याहून आणला." बघतो तर दारात तुम्ही, माझी घरी राहिलेली भाकर फडक्यात घेऊन. तुम्ही माझे वडील, हे हेडक्लार्कना ठाऊक नव्हतं. तुम्ही कोटाकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "धुळाना कारागीर चांगला शेतस, साहेब." भाकर टेबलावर ठेवलीत आणि गेलात.

त्या संध्याकाळी तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी आधीच पुस्तक उघडून बसलोय. तुम्ही सुईत दोरा ओवता ओवता विचारता, "इंग्रज लोके शिवाले काय म्हनतस रे?" मी सांगतो, "सो." तुम्ही तो शब्द दोनदा तोंडात घोळवता. "आपला शबदना सोयरा दिखस." मी मान वर न करता म्हणतो, "आबा, हे असं कानानं ठरत नसतं." तुम्ही नुसते हसता. तुमचं बरोबर होतं, हे मला ग्रंथातून कळायला इतकी वर्षं लागली. तोवर तुम्हाला नेलंही होतं, रीतीप्रमाणे, अंगावरच्या कापडाला एकही टाका नसताना.

लेख एका मासिकानं घेतला. लेखकाच्या परिचयासाठी संपादकांनी वडिलांचा व्यवसाय विचारला होता. कालच्या टपालानं उत्तर गेलं, आबा. मी लिहिलंय, 'कापडाचे व्यापारी'.